अंधाऱ्या इतिहासावरच्या ऑडिओ नाटकात सोबतीचं पात्र कसं उभं करावं

कालप्रवासाच्या ऑडिओ नाटकात मुख्य प्रवाशाबरोबर कुणी ना कुणी सोबतीला असतंच. प्रवाशाला सगळं ठाऊक असतं, सोबत्याला काहीच नसतं. मग सोबती विचारतो आणि प्रवासी सांगतो. ही सोय इतकी हाताशी असते की बरेच लेखक तिच्यावरच थांबतात. हलक्याफुलक्या साहसकथेत ते खपूनही जातं. पण कथा साथीची, दुष्काळाची, वेढ्याची किंवा कत्तलीची असेल, तर अर्धवट राहिलेला सोबती सगळ्या नाटकाला घेऊन बुडतो.

अशा कथेचा शेवट श्रोत्याला आधीच माहीत असतो. ज्यांचं मरण नोंदवहीत लिहिलेलं आहे, त्यांच्याबाबतीत ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न उरत नाही. मुख्य प्रवासी पुढच्या भागात लागणारच आहे, त्यामुळे त्याचीही काळजी नसते. ज्याचं काहीही होऊ शकतं असा अख्ख्या नाटकात सोबती एकटाच. तोच नुसता हो-ला-हो करत फिरत असेल, तर ऐकणाऱ्याला भीती वाटावी असं काही शिल्लक राहत नाही. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे : सोबत्याने दुःख नुसतं बघून भागत नाही. त्या इतिहासाला त्याचा स्वतःचा हात लागला पाहिजे.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगून उपयोग नाही, म्हणून एक कल्पित मसुदा घेऊ आणि पायरीपायरीने दुरुस्त करू.

काळ १६६५-६६, जागा इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं ईम हे गाव. १६६५च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. त्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सने दमट कापड शेकोटीपुढे पसरलं, असं सांगतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो प्लेगने गेला. हिवाळ्यात साथ मंदावली, पुढच्या उन्हाळ्यात उसळली. जून १६६६मध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना गावाची हद्द न ओलांडायला राजी केलं. बाहेरचे लोक हद्दीवर अन्न ठेवून जात, गावकरी दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकत. चर्चमधली प्रार्थना उघड्या घळीत होऊ लागली. आपल्या घरची माणसं ज्याची त्याने पुरायची असं ठरलं. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. नोव्हेंबर १६६६मध्ये साथ संपली तेव्हा, परंपरेने दिल्या जाणाऱ्या आकड्याप्रमाणे, २६० माणसं गेली होती.

आपल्या मसुद्यात या गावात दोघं उतरतात. ॲम्ब्रोज हा काळातून फिरणारा वयस्क प्रवासी, आणि रूथ ही १९५१ सालची, इस्पितळाच्या औषधविभागात काम करणारी २६ वर्षांची बाई. मसुद्यात रूथ गोड आहे, कनवाळू आहे, आणि लक्षात अजिबात राहत नाही.

पहिली पायरी : दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधा

संहितेतली सोबत्याची सगळी वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवा. फक्त त्याची, बाकी कुणाची नाही. मग प्रत्येक वाक्यापुढे खूण करा : हा प्रश्न आहे, की प्रतिक्रिया, की कृती? ‘हे काय आहे?’, ‘आता काय करायचं?’ हे प्रश्न. ‘अरे देवा!’, ‘किती भयंकर!’ या प्रतिक्रिया. कृती म्हणजे ज्या वाक्याने समोरच्याला काहीतरी करावं लागतं, थांबावं लागतं किंवा बेत बदलावा लागतो. मागणी, नकार, खोटं बोलणं, कबुली, धमकी, आश्वासन या सगळ्या कृती. कागदभर प्रश्न आणि प्रतिक्रियाच दिसल्या, तर दुखणं सापडलं.

दुसरी तपासणी अधिक कठोर आहे. सोबत्याची वाक्यं गावातल्या कुठल्याही माणसाच्या तोंडी घालून बघा. ती तिथे सहज बसत असतील, तर सोबती नावाचं माणूस तुमच्या नाटकात अजून आलेलंच नाही. तिसरी : दुसऱ्या प्रवेशात सोबती आजारी पडून यंत्रातच राहिला असं समजा आणि कथा शेवटपर्यंत सांगा. कथा अडली नाही तर ती त्याच्यावर उभी नाही.

अशा वेळी सोबत्याला एखादी करुण पूर्वकथा चिकटवण्याचा मोह होतो : मेलेला भाऊ, हरवलेली आई, जुनी जखम. तिसऱ्या प्रवेशात तो शेकोटीपाशी बसून ती सांगतो आणि श्रोत्याने हळवं व्हावं अशी अपेक्षा असते. हे करू नका. पूर्वकथा सांगून पात्र खोल होत नाही. आजच्या अडचणीत ते वेगळं वागलं, तरच त्या पूर्वकथेला अर्थ.

दुसरी पायरी : त्याला काय माहीत आहे ते ठरवा

सोबती अज्ञानी असला पाहिजे हा समज आधी सोडून द्या. अंधाऱ्या इतिहासात अज्ञानापेक्षा ज्ञान जास्त छळतं.

रूथचंच बघा. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिनने १८९४मध्ये हाँगकाँगला शोधला. उंदरांवरच्या पिसवांमधून तो पसरतो हे पॉल-लुई सिमाँने १८९८मध्ये कराचीतल्या प्रयोगाने दाखवलं. प्लेगवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन १९४३मध्ये सापडलं. म्हणजे १९५१च्या रूथला आजाराचा जंतू, त्याची वाट आणि त्याचा इलाज, तिन्ही माहीत आहेत. ईममध्ये तेव्हा एकालाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

इथे तिच्या पिशवीत औषधाच्या कुप्या ठेवू नका. कुप्या आल्या की नाटक कुप्यांचं होतं : किती आहेत, कुणाला द्यायच्या, कुणी चोरल्या. तिच्याकडे फक्त माहिती असू द्या. रोगी कसा बरा होतो हे माहीत असलेलं माणूस रिकाम्या हाताने रोग्याच्या उशाशी बसलंय, यातली कोंडी श्रोता वाढवून न सांगता ओळखतो.

आणि माहितीला धार असू द्या. गावाची हद्द बंद केल्याने बाहेरचा मुलूख वाचेल, हे रूथला कळतं. पण आत कोंडलेली माणसं त्याच पिसवांमध्ये अडकून राहतील, हेही तिला कळतं. गावकऱ्यांच्या त्यागाची खरी किंमत गावकऱ्यांपेक्षा तिला जास्त समजते. सोबत्याच्या ज्ञानाने त्याला वरचढ करायचं नसतं, एकटं पाडायचं असतं.

माहितीबरोबर एक गरजही लागते, आणि ती साधी, आजची असावी. रूथ दिवसभर औषधं मापून देते, पण रोग्यापर्यंत कधी पोचत नाही. काचेच्या खिडकीआड उभी असते. एकदा तरी आपल्या हातून कुणी बरं होताना बघावं, एवढंच तिला हवंय. ही गरज ती कुठेही बोलून दाखवणार नाही. तुम्हाला माहीत असली की पुरे.

‘डॉक्टर हू’ ही कालप्रवासाची ब्रिटिश टीव्ही मालिका; तिच्यातल्या मुख्य प्रवाशाला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात. २०००मध्ये बिग फिनिश या निर्मिती कंपनीने तिच्या ऑडिओ मालिकेत एव्हलिन स्मायथ ही सोबती आणली. वय पंचावन्नच्या घरात, पेशाने इतिहासाची प्राध्यापिका, आवाज मॅगी स्टेबल्सचा. पहिल्याच कथेत, सोळाव्या शतकातली इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर हिच्या काळात, प्रश्न येतो तो तिच्याच वंशवृक्षाचा. तिला इतिहास शिकवावा लागत नाही, उलट तीच दुरुस्त्या सुचवते. विचारणाऱ्या पोरसवदा सोबत्याच्या ठरलेल्या साच्यापेक्षा हे किती मोकळं आहे ते पाहण्यासारखं आहे.

तिसरी पायरी : प्रश्न कमी करा, दावे वाढवा

आता मसुद्यातला पहिला प्रवेश काढू. तो असा होता :

रूथ : हे कुठे आलो आपण?
ॲम्ब्रोज : ईम. १६६५. लंडनहून प्लेग इथे पोचतोय.
रूथ : बापरे! पोचतोय म्हणजे कसा?
ॲम्ब्रोज : त्या कापडातून.
रूथ : मग आता काय होणार?

माहिती पोचली, पण माणूस पोचला नाही. तोच प्रवेश असा लिहून बघा :

(शेकोटी. ओलं कापड झटकल्याचा आवाज.)
रूथ : ते शेकोटीपाशी नका पसरू.
कारागीर : मग वाळणार कसं बाई? लंडनहून भिजतच आलंय.
रूथ : बाहेर टाका. वाऱ्यावर... नको. बाहेरही नको. परत बांधा ते.
ॲम्ब्रोज : रूथ, चल.
रूथ : लंडनहून कधी आलं? साल कुठलं आहे?
ॲम्ब्रोज : तुला कळलंय कुठलं आहे ते.
कारागीर : (हसत) बाई कापडाला भितात होय?

दुसऱ्या रूपातही रूथ दोन प्रश्न विचारते, पण ते धास्तीतून आलेत आणि उत्तराच्या अर्ध्यावर ती स्वतःच पोचलेली आहे. ती आज्ञा देते, मग आपलीच आज्ञा मागे घेते, कारण कुठलाच पर्याय सुरक्षित नाही हे बोलता बोलता तिच्या ध्यानात येतं. कारागीर तिला हसतो, म्हणजे तिच्या ज्ञानाला इथे मोल नाही हेही कळलं. आणि ॲम्ब्रोजला सगळं ठाऊक असून तो निघायला बघतो. पुढच्या भांडणाची ठिणगी इथेच पडली.

सराव म्हणून पहिल्या दहा पानांत सोबत्याला तीनच प्रश्न वापरायची मुभा द्या. बाकीची माहिती त्याच्या चुकीच्या दाव्यांतून, आग्रहातून किंवा दुसऱ्याने त्याला विचारलेल्या प्रश्नांतून येऊ द्या. हा शेवटचा मार्ग फार उपयोगी आहे. गावातलं कुणीतरी रूथला विचारतं, ‘तुमच्याकडे यावर काय करतात?’ आणि तिला उत्तर देता येत नाही. श्रोत्याला ते उत्तर माहीत असतं.

चौथी पायरी : आवाजावरून ओळख

रंगमंचावर गप्प बसलेलं पात्र दिसत राहतं. ऑडिओ नाटकात पानभर न बोललेलं माणूस श्रोत्याच्या लेखी खोलीतून निघून गेलेलं असतं. रेडिओसाठी म्हणून लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नाटकांपैकी एक रिचर्ड ह्यूजचं, जानेवारी १९२४मध्ये बीबीसीवरून प्रसारित झालं. दिवे गेलेल्या कोळशाच्या खाणीत ते घडतं, म्हणजे श्रोता आणि पात्रं एकाच अंधारात. त्या अंधारात जो बोलतो तोच असतो. सोबती नाहीसा होण्याचं निम्मं कारण हेच आहे : प्रवासी आणि गावकरी तावातावाने बोलतात आणि दोन पानं सोबत्याचा श्वासही ऐकू येत नाही.

प्रत्येक प्रवेशात, तो बोलत नसेल तिथेही, त्याची खूण पेरा. कुणी त्याचं नाव घेतं, तो भांडं ठेवतो, वाटेत थांबतो आणि दुसऱ्याची पावलं पुढे जातात. काही प्रवेशांत त्याला मुद्दाम गप्प ठेवायचं असेल, तर ते गप्प राहणं दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात यावं.

बोलण्याची ढब धंद्यातून काढा. रूथला मापं आणि वेळा सांगायची सवय आहे. घाबरली की ती मोजते : किती तासांपूर्वी ताप आला, किती घोट पाणी गेलं, श्वास मिनिटाला किती. तिची वाक्यं तुटक, सूचनेसारखी. ॲम्ब्रोज लांब, वळणदार बोलतो. दोघांची वाक्यं नावं झाकून वाचली तरी कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. ही मोजायची सवय तुम्हाला पुढे कामाला येईल : एका प्रवेशात ती मोजत नाही, आणि काहीतरी बिनसलंय हे कुणी न सांगता कळतं.

मराठीत लिहिताना आणखी एक सांभाळा. परक्या देशातले खेडूत दाखवायचे म्हणून त्यांच्या तोंडी आपल्याकडची ग्रामीण बोली घालू नका. ऐकणारा क्षणात डर्बीशायर सोडून भलतीकडेच जातो. गावकऱ्यांचं वेगळेपण लयीतून आणा, देवावरच्या भरवशातून आणा, शेतीच्या आणि हवामानाच्या शब्दांतून आणा. आणि ‘तू’, ‘तुम्ही’ हे आपल्या हातातलं मोठं साधन आहे. रूथ ॲम्ब्रोजला कायम ‘तुम्ही’ म्हणते. अख्ख्या नाटकात एकदाच, रागाच्या भरात, ‘तू’ येऊ द्या. दोनदा आलं तर त्याची जादू जाते.

दृश्यवर्णनाचं ओझंही नेमकं सोबत्यावर पडतं : ‘अरे, तो बघ हद्दीचा दगड, त्यात सहा खळगे आहेत आणि त्यात व्हिनेगर भरलंय!’ असं कुणी बोलत नाही. नाणं द्रवात पडल्याचा आवाज द्या, रूथला हुंगू द्या आणि ‘व्हिनेगर?’ एवढंच म्हणू द्या. कारण तिच्या कामात तो वास रोजचा आहे. मग गावकरी सांगतो, पैशाला लागलेला रोग धुऊन जावा म्हणून. रूथ काही बोलत नाही. पिसवा नाण्याला चिकटून जात नाहीत, हे तिला माहीत आहे. सोबत्याने तेवढंच टिपावं जे त्याच्या आयुष्यातल्या कशाला तरी भिडतं. बाकीचं ध्वनिसंयोजकावर सोडा.

पाचवी पायरी : गावातलं एकच माणूस

२६० माणसांसाठी कुणी रडू शकत नाही. सोबत्याचं नातं एकाशी बांधा, आणि नाटकाच्या पहिल्या पाव भागातच बांधा. आपल्या मसुद्यात विल नावाचा बारा वर्षांचा मुलगा घेऊ. तो हद्दीच्या दगडापर्यंत पैसे नेतो आणि अन्न आणतो.

विल कल्पित आहे आणि तो कल्पितच असावा. ईमच्या मृतांची नावं नोंदलेली आहेत, ती खरी माणसं होती. त्यांच्यावर आपल्या सोयीचा भ्याडपणा किंवा गुन्हा लादणं योग्य नाही. मॉम्पेसन नाटकात येऊ द्या, त्यांच्या सार्वजनिक कृती येऊ द्या. त्यांनी आपली मुलं आधीच बाहेरगावी पाठवली होती आणि ऑगस्ट १६६६मध्ये त्यांची पत्नी कॅथरीन प्लेगने गेली, हे नोंदलेलंच आहे. मुलं बाहेर पाठवलेल्या माणसानेच इतरांना आत थांबायला सांगितलं, यावर विलच्या आईने एक वाक्य बोललं तरी प्रवेश तापतो. पण निर्णायक, नैतिक डागाचा प्रसंग कल्पित घरातच घडवा.

नातं म्हणजे माया एवढंच नव्हे. दोघांना एकमेकांचं काहीतरी हवं असलं पाहिजे. विलला रूथकडून अक्षरं शिकायची आहेत. रूथला विलकडून घराघरातली बातमी हवी आहे, कारण बाई माणसाला आणि त्यातून परकीला कुणी आत घेत नाही. म्हणजे ती त्याचा थोडा वापरही करते. हा वापर राहू द्या, पुढे तोच तिला बोचणार आहे.

सहावी पायरी : सोबत्याचा हात लागू द्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. इतर पायऱ्या घाईत झाल्या तरी चालेल.

इतिहासात गेलेल्या सोबत्यासाठी लेखक सहसा दोन रस्ते घेतात. एक, तो इतिहास बदलायला जातो आणि हरतो. ‘डॉक्टर हू’च्या १९६४च्या ‘द ॲझ्टेक्स’ कथेत बार्बरा राइट ही सोबती, इतिहासाची शिक्षिका, नरबळी थांबवू बघते. प्रथा थांबत नाही. मात्र एका माणसाची श्रद्धा ती हलवते. सोबत्याला कथेचं इंजिन बनवण्याचा तो फार लवकरचा आणि फार चांगला नमुना आहे. दुसरा रस्ता, सोबत्याला काही करूच दिलं जात नाही आणि तो त्या अन्यायावर उसळतो. १९६६च्या ‘द मॅसकर’मध्ये १५७२च्या पॅरिसमधली ह्यूगनॉट (म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट) मोलकरीण ॲन शाप्ले कत्तलीच्या तोंडावर मागे सोडली जाते, आणि तिच्याशी ओळख झालेला सोबती स्टीव्हन डॉक्टरवर चिडून कालयंत्रातून चालता होतो. या कथेचे चारही भाग चित्ररूपात आज उपलब्ध नाहीत, फक्त ध्वनी उरला आहे. तरीही स्टीव्हनचा संताप पोचतो. ऑडिओसाठी लिहिणाऱ्याने ती ऐकावीच.

तिसरा रस्ता कमी वापरला जातो आणि माझ्या मते अंधाऱ्या कथेला तोच सर्वांत जवळचा आहे : जे घडलं ते घडायला सोबत्याचीच कृती कारण होते.

आपल्या मसुद्यात हे असं बसेल. विलची बहीण जाते. आई त्याला सांगते, रात्री निघ, पलीकडच्या गावात मावशीकडे जा. रूथ त्याला हद्दीच्या दगडापाशी गाठते. तिला एवढं माहीत आहे की साथ ईमच्या आसपास पसरली नाही. म्हणजे एक तर विल कधी बाहेर गेलाच नाही, किंवा गेला आणि त्याच्या अंगात रोग नव्हता. यातलं कुठलं खरं, हे तिला माहीत नाही. त्याच्या कपड्यांत पिसवा असतील. नसतीलही. तो दिसायला ठणठणीत आहे, पण लागण झालेला माणूसही सुरुवातीचे काही दिवस ठणठणीतच दिसतो.

ती त्याला अडवते. बळाने नाही. त्याचा तिच्यावर विश्वास आहे, तो वापरते. ‘मी आहे ना,’ म्हणते. तो तिच्याबरोबर परत येतो. पाच दिवसांनी त्याच्या काखेत गाठ येते.

आधीच लागण झाली होती, की परत आणल्यामुळे झाली? नाटकाने याचं उत्तर देऊ नये. ॲम्ब्रोजच्या यंत्रालाही ते सांगता येऊ नये. उत्तर मिळालं तर रूथ निर्दोष तरी ठरते किंवा दोषी तरी, आणि दोन्हींत तिची सुटका होते.

ही कृती साधारण मध्याच्या थोडी पुढे ठेवा. पन्नास मिनिटांच्या नाटकात तिसाव्या मिनिटाच्या आसपास. शेवटी ठेवली तर ती नुसता धक्का होते. उरलेली वीस मिनिटं तिला त्या कृतीबरोबर काढावी लागली पाहिजेत. तिला विलची शुश्रूषा करावी लागावी. औषध माहीत असलेल्या बाईकडे द्यायला फक्त पाणी असावं. पहिल्या प्रवेशापासून तिला एखादा रोगी आपल्या हातून बरा व्हायला हवा होता, ती गरज इथे येऊन आपटते.

कृतीच्या क्षणी सोबत्याला भाषण देऊ नका. ‘एका जिवासाठी हजारोंना धोक्यात घालायचं का’ वगैरे तराजू श्रोता आपोआप मांडतो. रूथने फक्त विलशी बोलावं, तेही साध्या गोष्टींबद्दल : थंडी आहे, बूट फाटलेत, सकाळी बघू.

सातवी पायरी : मुख्य प्रवाशाशी खरं भांडण

सोबती कमकुवत राहण्याचं एक कारण मुख्य पात्रावरचं लेखकाचं प्रेम असतं. प्रवाशाला कुणी खोटं पाडायचं नाही, म्हणून सोबती शेवटी नेहमी पटवून घेतो. ते मोडा.

ॲम्ब्रोज : तू योग्य तेच केलंस.
रूथ : तुम्ही होतात तिथे?
ॲम्ब्रोज : भिंतीपलीकडे.
रूथ : मग तुम्ही का नाही अडवलंत त्याला?
(दूर कुदळीचे घाव. ॲम्ब्रोज बोलत नाही.)
रूथ : मी अडवणार हे ठाऊक होतं तुम्हाला. म्हणून आणलंत मला इथे?
ॲम्ब्रोज : रूथ...
रूथ : नाव नको घेऊस माझं.

शेवटच्या वाक्यात ‘तू’ आलंय, त्याकडे कुणी लक्ष वेधत नाही. विज्ञानकथेचा धागाही इथेच घट्ट होतो : कालप्रवासाचं यंत्र आता गाडीसारखं नुसतं वाहन राहिलं नाही, ते एका माणसाने दुसऱ्याला वापरून घेण्याचं साधन झालं. ॲम्ब्रोजने उत्तर देऊ नये. ‘हो’ म्हटलं तर तो खलनायक होतो, ‘नाही’ म्हटलं तर प्रश्नच बोथट होतो. भांडणात दोघांचंही बरोबर असलं पाहिजे. ॲम्ब्रोजची बाजूही तुम्ही स्वतःला पटेपर्यंत लिहून काढा, मग तिच्यातली तीन चतुर्थांश वाक्यं खोडा.

आठवी पायरी : ध्वनी आणि नट

रेकॉर्डिंगच्या आधी प्रत्येक प्रवेशासाठी एक निर्णय घ्या : आपण कुणाच्या कानाने ऐकतोय? विलशी निगडित सगळे प्रवेश रूथच्या कानाने ऐकवा. म्हणजे तिचा श्वास माईकजवळ, बाकीचे तिच्यापासून जितके दूर तितके दूर. घळीतल्या प्रार्थनेत माणसं अंतर ठेवून उभी असत, त्यामुळे आवाज विखुरलेले, उत्तरं उशिरा येणारी. तो गर्दीचा आवाज आठवड्यागणिक विरळ करत न्या. रूथला ‘लोक कमी झालेत’ म्हणावं लागणार नाही.

दुःखाच्या प्रवेशाखाली संगीत घालायची घाई नको. ऑगस्टमधल्या त्या घरात माशा असतील, पाण्याचं भांडं असेल, खरखरणारा श्वास असेल. तेवढं पुरतं. संगीत आलं की सोबत्याच्या वाटणीचं वाटणं तेच उरकून टाकतं.

रूथ करणाऱ्या नटीला ‘इथे उदास हो’ असं सांगू नका. या प्रवेशात तिला समोरच्याकडून काय हवंय ते सांगा. भांडणाचा प्रवेश दोन्ही नटांना एकाच खोलीत, एकमेकांसमोर उभं करून रेकॉर्ड करा. वेगवेगळ्या वेळी घेतलेले आवाज जुळवता येतात, पण एकमेकांचं वाक्य तोडणं जुळवता येत नाही. आणि तिच्या श्वासाचे, न बोलता थांबण्याचे, हातातली वस्तू खाली ठेवण्याचे काही सलग तुकडे वेगळे घेऊन ठेवा. चौथ्या पायरीत सांगितलेल्या खुणा पेरायला संकलनात तेच लागतात.

नववी पायरी : निरोप

‘द मॅसकर’च्या शेवटीच ‘डॉक्टर हू’त डोडो शाप्ले ही नवी सोबती येते. एवढ्या काळ्या कथेच्या टोकाला, एका मोलकरणीच्या आडनावाचा धागा घेऊन. त्यातून केवढं तरी करता आलं असतं. पण तिच्या बोलण्याची ढबसुद्धा सुरुवातीच्या काही भागांतच बदलली गेली, आणि त्याच वर्षी ‘द वॉर मशीन्स’मध्ये ती कथेच्या मध्यावरच नाहीशी झाली. तिचा निरोप दुसऱ्यांनी आणून दिला. अपुऱ्या सोबत्याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. ती नटीची चूक नव्हती, लिहिणाऱ्यांनी तिला काही करायलाच दिलं नाही.

तुमचा सोबती जाणार असो की राहणार, शेवटच्या प्रवेशातला निर्णय त्याचा असू द्या आणि तो त्याच्याच तोंडून येऊ द्या. रूथ ॲम्ब्रोजबरोबर परत निघाली, तर का निघाली ते ठरवा. माफ केलं म्हणून? की १९५१ला पोचायला दुसरा मार्ग नाही म्हणून? दुसरं कारण जास्त जड आहे आणि पुढच्या भागाला पुरून उरतं. यंत्रात शिरल्यावर हलकाफुलका विनोद करून भाग संपवायची पद्धत इथे चालवू नका. आणि पुढच्या भागात हे सगळं विसरलंही जाऊ नये. रूथ पुन्हा कुणाला ‘मी आहे ना’ म्हणायला धजणार नाही, एवढी एक गोष्ट पुढच्या लेखकाच्या हाती लेखी द्या.

दहावी पायरी : कच्चं ऐकवून बघा

ध्वनिपरिणाम न घालता, नुसत्या वाचनाचं कच्चं रेकॉर्डिंग संहिता न वाचलेल्या दोघातिघांना ऐकवा. एकदाच, मध्ये न थांबवता. ‘रूथ आवडली का?’ असं विचारू नका, सगळे सभ्यपणे ‘हो’ म्हणतात. विचारा, ‘रूथने काय केलं?’ उत्तर ‘तिने त्या मुलाला परत आणलं’ असं क्रियापदाने आलं आणि त्यावरून ऐकणाऱ्यांतच वाद सुरू झाला, तर स्टुडिओची तारीख घ्या. ‘ती बिचारी फार हळवी होती’ असं विशेषणाने आलं, तर तिची वाक्यं पुन्हा वेगळ्या कागदावर उतरवा आणि सहाव्या पायरीपासून परत लिहायला घ्या.